कांट, बेंथम आणि कोपऱ्यावरची सुरमई

“साखळी ओढली म्हणून दंड! आणि वर संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं पोराला,” कुंपणाच्या तारेवर ओला टॉवेल टाकता टाकता काकूंनी बातमी दिली.

पोर म्हणजे काकूंचा बदलापूरचा भाचा. त्याचा मित्र अंबरनाथला पाण्याची बाटली घ्यायला उतरला आणि गाडी सुटली. मित्र फलाटावर, त्याची बॅग गाडीत आणि बॅगेत परीक्षेचं हॉल तिकीट. भाच्यानं मागचापुढचा विचार न करता साखळी ओढली.

“बरोबरच झालं,” पलीकडे आरामखुर्चीत बसलेल्या अण्णांनी पेपरामागून निकाल दिला. अण्णा म्हणजे काकूंचे यजमान, त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या गँगमध्ये रुळांवर गेली. “साखळी आगीसाठी असते, कुणी खाली पडलं तर असते. विसरलेल्या मित्रासाठी नसते.”

“अहो, पण पोराचा पेपर होता!”

मला राहवलं नाही. कॉलेजात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवत असल्यामुळे दुसऱ्यांच्या वादात पडायची वाईट सवय लागली आहे. मी म्हटलं, “काकू, हिशोब करून बघा. गाडीत दोन हजार माणसं धरा. गाडी पाच मिनिटं थांबली. झाली दहा हजार मिनिटं, म्हणजे जवळजवळ सात दिवस. एका हॉल तिकिटापायी लोकांचे सात दिवस गेले.”

“आणि त्या पोराचं वर्ष गेलं असतं ते? वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट असतात ना गं मॅडम?”

“मागं तुंबलेल्या गाड्या कुणी मोजायच्या?” पेपर खाली आला. “एक लोकल थांबली की तिच्यामागं कल्याणपर्यंत रांग लागते. त्यात कुणी दवाखान्यात निघालेला असेल, कुणाची कामावरची हजेरी हुकली असेल.”

हिशोब असा वाढत चालला आणि माझ्या लक्षात आलं की बेरीज कुणालाही येते, ती थांबवायची कुठे हे कुणालाच येत नाही.

आमच्या चिखलोलीत गप्पांना वेळ मिळतो, कारण अंबरनाथ संपलं आणि बदलापूर अजून सुरू झालं नाही अशा मधल्या पट्ट्यात आम्ही राहतो. आमचं कुंपण खाली विटांचं, वर तारेचं आणि त्यावर दोन्ही घरांनी हक्क सांगितलेली तोंडलीची वेल. वेलीचं मूळ काकूंकडे, तोंडली बहुतेक माझ्याकडे. या मालकीच्या प्रश्नावर आम्ही दोघी सोयीस्कर मौन पाळतो.

“तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय याच्यावर?” काकूंनी विचारलं.

“पुस्तकात दोन पार्ट्या आहेत. एक इंग्रजांची. जेरेमी बेंथमचं पुस्तक 1789 मध्ये निघालं, पुढे जॉन स्टुअर्ट मिलनं ते मत सावरून मांडलं. याला उपयुक्ततावाद म्हणतात. त्यांचं म्हणणं, कृत्य चांगलं की वाईट ते परिणामावरून ठरवा. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख ज्यात, ते योग्य. दुसरी पार्टी जर्मनीतल्या इमॅन्युएल कांटची. त्याचं पुस्तक 1785 चं. तो म्हणतो, परिणाम तुमच्या हातात कुठे असतो? ज्या नियमानं तुम्ही वागता तो सगळ्यांचा नियम झालेला तुम्हाला चालेल का, एवढं बघा. चालत नसेल तर करू नका. आणि माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका.”

“म्हणजे प्रत्येकानं आपापल्या हॉल तिकिटासाठी साखळी ओढली तर काय होईल, असं?” अण्णा खुर्चीत पुढे सरकले. “शहाणा माणूस! रेल्वेत होता का?”

“छे. आपलं गाव सोडून तो फारसा कुठे गेलाच नाही. पण फिरायला इतका वेळेवर निघायचा, की लोक त्याला बघून घड्याळं लावायचे म्हणतात.”

“मग रेल्वेत नव्हताच,” काकू म्हणाल्या.

अण्णांनी न ऐकल्यासारखं केलं. काकू मात्र विचारात पडल्या होत्या. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण कीर्तन-प्रवचनाला एकही खाडा नाही. महाभारत त्यांना नातेवाइकांच्या भानगडींसारखं पाठ आहे.

“हा तुझा कांट खोटं बोलायला परवानगी देतो का गं?”

“अजिबात नाही. 1797 मध्ये त्यानं यावर एक निबंधच लिहिला. खुनी माणूस तुमच्या दाराशी आला आणि घरात लपलेल्या तुमच्या मित्राचा पत्ता विचारू लागला, तरी खोटं बोलायचं नाही, म्हणतो.”

“अगोबाई! म्हणजे कौशिकच की हा!”

आणि काकूंनी कर्णपर्व काढलं. कौशिक नावाचा तपस्वी नदीकाठी राहायचा. सदा खरंच बोलायचं, असं त्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीनं पळालेली माणसं त्याच्या देखत रानात लपली. मागून दरोडेखोर आले. महाराज, तुम्ही खरं बोलता, माणसं कुठे गेली ते सांगा. यानं बोट दाखवलं. माणसं मारली गेली आणि सत्यवचनी कौशिक नरकात गेला.

“ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला कधी सांगतो माहितेय? अर्जुनाची प्रतिज्ञा होती, की गांडीव दुसऱ्याला दे असं जो म्हणेल त्याला ठार मारीन. आणि ऐन युद्धात तेच बोलला कोण, तर धर्मराज! अर्जुन तलवार उपसून थोरल्या भावावर धावला. आता प्रतिज्ञा पाळायची की भाऊ वाचवायचा?”

“मग काय केलं?” हे मला माहीत होतं, तरी विचारलं. सांगणाऱ्याचा उत्साह मोडू नये.

“कृष्णानं तोडगा काढला. मोठ्या माणसाला अरेतुरे केलं की तो जिवंतपणी मेल्यासारखाच. तू त्याला अरेतुरे कर, प्रतिज्ञा पुरी होईल. त्या हिशोबानं आमच्या नातवानं मला दिवसातून दहा वेळा मारलेलं आहे.”

इतक्या मोठ्या विषयातून काकू घरात शिरल्या की लवकर बाहेर येत नाहीत, म्हणून मी घाईघाईनं माझा हुकमी पत्ता टाकला. फिलिपा फूट नावाच्या इंग्लंडमधल्या बाईंनी 1967 मध्ये एक कोडं घातलं होतं. ट्राम सुसाट निघाली आहे. समोर रुळावर पाच माणसं काम करताहेत. बाजूच्या रुळावर एकच आहे. ट्राम तिकडे वळवली तर पाच वाचतात, एक मरतो. वळवायची का? पुढे अमेरिकेतल्या ज्यूडिथ जार्विस थॉमसन यांनी त्याला आणखी पीळ दिला. आता तुम्ही पुलावर उभे आहात आणि शेजारी एक धिप्पाड माणूस आहे. त्याला खाली ढकललं तर त्याच्या धडानं गाडी थांबेल, पाच वाचतील. आकडे तेच. तरी सांधा बदलायला तयार होणारी माणसं ढकलायला तयार होत नाहीत. वर्गात हे कोडं घातलं, की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी होतात.

अण्णा मात्र चिडले.

“पाच माणसं रुळावर होती ना? मग झेंडी कुठे होती?”

“कसली झेंडी?”

“लाईनवर काम काढलं की सहाशे मीटरवर बॅनर लावतात. बाराशे मीटरवर रुळाला फटाके बांधतात. चाक वरून गेलं की धडाधड वाजतात आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. झेंडी घेऊन माणूस उभा असतो. हे काही न करता पाच माणसं रुळावर घातली कुणी? आधी त्या मुकादमाचं नाव सांगा. एकाला मारायचं की पाचांना, हे नंतर बघू.”

“अण्णा, ते कोडं आहे.”

“कोड्यातलीसुद्धा माणसंच आहेत ना?”

याला माझ्या पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. अण्णांच्या बोलण्यात कांटवाल्यांना आवडेल असं बरंच आहे. नियम म्हणजे नियम, त्यात घासाघीस नाही. पण तो नियम आला कुठून? सहाशे आणि बाराशे मीटर हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. गाडी थांबायला किती अंतर लागतं आणि आधी कुठे किती माणसं गेली, ते मोजूनच कुणीतरी लिहिले असणार. साखळीचंही तसंच. रेल्वेच्या कायद्यात दंड आहे तो वाजवी आणि पुरेसं कारण नसताना साखळी ओढण्याला. म्हणजे नियमाच्या पोटात हिशोबाला जागा ठेवलेलीच आहे. पूर्वी सावकाशीनं केलेला हिशोब आज घाईच्या वेळी कर्तव्य म्हणून हाताशी येतो, असं मी अण्णांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, पण आवडलं.

“मग वांगणीचं काय?” काकू म्हणाल्या. “त्याला कुठे वेळ होता पुस्तक उघडायला?”

वांगणीचं म्हटल्यावर आमच्याकडे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. बदलापूरच्या पुढचंच स्टेशन. 17 एप्रिल 2021 ची संध्याकाळ. दृष्टी नसलेली एक आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन फलाटावरून चालली होती. मूल कडेला गेलं आणि रुळावर पडलं. आई हातांनी चाचपडत राहिली. समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. ड्यूटीवरचा पॉइंट्समन मयूर शेळके रुळांमधून गाडीच्या दिशेनं धावत सुटला, मुलाला वर ढकललं आणि स्वतः चढतो न चढतो तोच गाडी धडधडत निघून गेली. स्टेशनच्या कॅमेऱ्यातलं ते चित्र देशभर बघितलं गेलं.

“त्या ट्रामच्या कोड्यातलाच माणूस हा,” मी म्हटलं. “सांधे बदलणारा. फक्त यानं सांधा बदलला नाही, स्वतःच रुळावर उतरला.”

“पुस्तकात लिहिलेलं नाही हो ते,” अण्णांचा आवाज जरा बदलला. “पॉइंट्समननं गाडीपुढं धावावं असं कुठल्याच रूलमध्ये नाही. नसता धावला तरी त्याला कुणी चार्जशीट दिलं नसतं.”

खरं आहे. कांटच्या हिशेबात खोटं न बोलणं हे सक्तीचं कर्तव्य, पण मदत करणं हे सैल कर्तव्य. कुणाला, कधी, कितपत, हे माणसावर सोडलेलं. जीव धोक्यात घालण्याची सक्ती तिथेही नाही. बेंथमच्या पाटीवर मांडलं तर आणखीच घोटाळा. धावला नाही तर एक जाणार, धावून उशीर झाला तर दोन. गाडी समोर दिसत असताना अशी बेरीज करणारा माणूस ती पूर्ण होईपर्यंत फलाटावरच राहिला असता.

“आणि बक्षीस मिळालं पन्नास हजार,” काकू म्हणाल्या, “तर त्यातले निम्मे त्या मुलाच्या घरी द्यायला निघाला.”

इथे मला मिल आठवला. तो म्हणतो, बुडणाऱ्याला वाचवणारा योग्यच वागतो, मग तो कर्तव्य म्हणून वाचवो की पैसे मिळतील म्हणून. हेतूवरून माणूस ओळखावा, कृत्य ओळखू नये.

“हे काही पटत नाही,” काकू.

“टिळकांनाही पटलं नव्हतं.”

“आपल्या लोकमान्यांना? ते कुठे भेटले या लोकांना?”

मंडालेच्या तुरुंगात भेटले. टिळकांनी 1910-11 च्या हिवाळ्यात तिथे ‘गीतारहस्य’ लिहिलं, ते छापून आलं 1915 मध्ये. आपल्याकडे ते कपाटातल्या वरच्या फळीवर असतं आणि दिवाळीच्या साफसफाईला खाली येतं. पण त्यात बेंथम, मिल, कांट या सगळ्यांना बोलावून टिळकांनी अगदी भर मराठीत त्यांची उलटतपासणी घेतली आहे. त्यात एक गोष्ट येते अमेरिकेतल्या ट्रामची. मोठ्या शहरात ट्राम हवी होती, लोकांची सोय होणार होती, पण सरकारी मंजुरी लांबत चालली. कंपनीच्या व्यवस्थापकानं अधिकाऱ्यांना लाच चारली. मंजुरी मिळाली, ट्राम धावली, लोक खूश. पुढे लाच उघडकीला आली आणि खटला झाला. पहिल्या ज्यूरीत एकमत होईना, दुसरी नेमावी लागली आणि तिनं त्याला दोषी ठरवलं. टिळकांचा सवाल असा, की पुष्कळांचं सुख हीच कसोटी असेल तर हा माणूस दोषी कसा? ट्राम तर सगळ्यांच्याच सोयीची झाली.

“आणखी एक विचारलंय त्यांनी. कौरवांकडे अकरा अक्षौहिणी, पांडवांकडे सात. डोकी मोजून न्याय ठरवायचा तर पांडव हरायला हवे होते.”

काकू इतक्या खूश झाल्या, की त्यांनी वेलीवरची चार तोंडली तोडून माझ्या हातात दिली. ती माझ्या बाजूची होती, पण मी काही बोलले नाही.

अण्णा मात्र पेपराची घडी घालून गंभीर झाले. “हे लाचेचं ठीक. पण ट्राम लोकांना हवीच होती ना? आता आपल्या स्टेशनाचं बघा. अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन, शिवाय तिसरी-चौथी लाईन. लाखो लोकांची सोय. कुणाची तरी जमीन जाणारच. तिथं हिशोब नाही करायचा तर काय करायचं?”

याला उत्तर देणं अवघड आहे, कारण नळ उघडला की रोज तोच प्रश्न बाहेर येतो. बारवी धरण एमआयडीसीनं 1972 मध्ये बांधलं, पुढे टप्प्याटप्प्यानं उंची वाढवली. त्याचं पाणी नदीनं येतं, जांभूळला शुद्ध होतं आणि अंबरनाथच्या कारखान्यांपासून ठाण्याच्याही पुढे लाखोंच्या घरी जातं. धरणाच्या पोटात गेली ती मुरबाडकडची गावं आणि पाडे. इकडे लाख, तिकडे काहीशे घरं. बेंथमची वजाबाकी एका ओळीत संपते. त्याच्याही आधी, 1921 मध्ये, मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते तिथेच. धरण मुंबईच्या विजेसाठी होतं. विजेचे दिवे मुंबईत लागणार आणि शेतं मावळात बुडणार. धरण झालंच.

“हलवायाच्या घरावर तुळशीपत्र,” काकू म्हणाल्या.

हा वाद मी वर्गात किती तरी वर्षं शिकवते आहे, पण तो इतक्या थोडक्यात कुणी उलगडला नव्हता. शेळके रुळावर उतरला तेव्हा त्यानं जमाखर्चात घातला तो स्वतःचा जीव. तिथे हिशोब चुकला असता तरी किंमत त्यानंच मोजली असती. धरणाचा हिशोब करणारे बहुधा कोरड्या जागी बसलेले असतात. पुष्कळांचं सुख या कसोटीत खोट एवढीच, की देणारा कोण ते ती विचारत नाही. आणि कांटचं ते ‘माणसाला निव्वळ साधन करू नका’ ऐकायला जड वाटतं, पण त्याचा गावठी अर्थ एवढाच, की ज्याच्या जिवावर बेरीज करताय त्याला आधी विचारा.

मी अण्णांना म्हटलं, “हिशोब करायचाच. काही सेकंद असतील तर माणूस जसा घडलेला असेल तसा वागतो, तिथे वाद नको. पण हातात काही वर्षं असतील तर हिशोब न करणं हाही गुन्हाच. फक्त ज्याचं जाणार तो त्या टेबलाशी बसलेला हवा. बारवीच्या लोकांनी तेच केलं. वाढवलेल्या उंचीचं पाणी साठवायचं तर आधी आमचं बघा, म्हणाले. शेवटी जे पाणी पितात त्यांनी प्रकल्पग्रस्तांना नोकऱ्या द्याव्यात असं ठरलं. फुकटचा उपकार नव्हता तो. उशिरा का होईना, बेरजेत त्यांचा आकडा आला.”

“पुरानं वेढलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या वेळी कुणी कुणाला विचारत बसलं नाही,” अण्णा म्हणाले. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये गाडी पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवासी आत. बचावदलाच्या बोटी आल्या आणि आसपासच्या गावांतली माणसंही धावली.

“तिथे विचारत बसायला वेळच नव्हता. आणि जो पाण्यात उतरला तो स्वतःच्या पायांनी उतरला.”

एवढं तत्त्वज्ञान झाल्यावर काकूंनी पदराखालून एक कागद काढला. गल्लीतल्या तीस घरांचा अर्ज. कोपऱ्यावर सकाळी दोन तास म्हावरं विकायला बसते ती बाई तिथून उठवावी, गाड्या वळवायला अडचण होते, वास येतो वगैरे. खाली सह्या.

“आता लाव तुझा बेंथम,” काकू म्हणाल्या.

मी लावला. बेंथमनं सुख मोजायला सात कसोट्या दिल्या आहेत. सुख किती तीव्र, किती टिकाऊ, किती खात्रीचं, किती लवकर मिळणारं, त्यातून आणखी सुख निघतं का, त्यात दुःखाची भेसळ किती आणि ते किती जणांना मिळतं. सुरमई तीव्रतेत पहिली आली. टिकाऊपणात कमी पडली. खात्रीत बाजाराच्या भावानं मार खाल्ला. भेसळीत काटे मोजावे लागले. गाडी वळवताना वाचणारी दोन मिनिटं आणि तीस घरं एका बाजूला, बाई आणि तिची पाटी दुसऱ्या बाजूला.

“मिल म्हणतो, सगळी सुखं एका तोलाची नसतात. बुद्धीचं सुख वरचं, जिभेचं खालचं.”

“त्यानं कालवण खाल्लेलं नाही,” अण्णा.

मी सह्या वाचत होते. वरून सातवी सही ज्यांची, त्यांच्या घरून परवाच तळलेल्या बोंबलाचा वास आला होता. चौथी सही करणारे गृहस्थ त्या बाईकडून कोळंबी घेताना मी स्वतः पाहिले आहेत, अर्थात मीही तिथे कोळंबीसाठीच उभी होते. कांटचा नियम इथे फार उपयोगी पडतो. ‘घ्यायचं तिच्याकडून आणि उठवायचंही तिलाच’ हा सगळ्यांचा नियम झाला, तर कोपऱ्यावर बसायला कुणी उरणारच नाही.

अण्णांनी कागद मागून घेतला, खिशातलं पेन काढलं आणि सह्यांच्या खाली वळणदार अक्षरात एक ओळ लिहिली: ‘जिच्याविरुद्ध अर्ज आहे तिचं म्हणणं.’ त्याखाली चांगली चार बोटं जागा मोकळी ठेवली.

“रविवारी मीटिंगला तिला बोलवायचं,” ते म्हणाले. “गाड्या वळत नाहीत ही तक्रार खरी आहे. पाटी पलीकडे सरकवायला ती तयार होईलही. पण तिच्यासमोर बोला.”

“मी सही केलेलीच नव्हती,” काकूंनी जाहीर केलं. “गरिबाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. माझं कर्तव्य म्हणून.”

मी विचारलं, “काकू, खरंच कर्तव्य म्हणून, की सुरमई दारात मिळते म्हणून? कांट म्हणतो, आपला स्वतःचा हेतू शुद्ध होता की नव्हता, हे आपल्यालाही कधी खात्रीनं सांगता येत नाही.”

काकूंनी टॉवेलाची घडी घातली आणि निघता निघता म्हणाल्या, “मग मला कशाला विचारतेस? रविवारी मीटिंग झाली की जेवायलाच ये. खाऊन तूच सांग.”